स्टँडर्ड, डिलक्स आणि अब्बांचं कुशन

माझा भाचा दुबईत असतो. माल वाहतुकीच्या धंद्यात त्याचं बरं चाललंय, अल्लाहचा करम. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. आधी अम्मीची तब्येत, मग भंडाऱ्याचा पाऊस, मग वैनगंगेचं पाणी कुठवर आलं, आणि या सगळ्यातून वाट काढत तो मुद्द्यावर आला. पोर्शे घ्यायची आहे, ९११. गाडी ठरली, पैशांची सोय झाली, पण व्हेरियंट ठरत नाही. करेरा घ्यावी, करेरा टी घ्यावी, करेरा एस की थेट जीटीएस?

मी म्हणालो, "बाबा रे, मी भंडाऱ्यात राहणारा माणूस. मला काय विचारतोस?"

तो म्हणाला, "मामू, तुम्ही नानांच्या दुकानात वाढलात. आणि अब्बूंच्या गाडीच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना, मधलं घ्या."

हे शेवटचं वाक्य त्यानं टोमण्यानं म्हटलं नव्हतं. पण ते मला लागलं. का लागलं, ते पुढं येईल. त्या रात्री मी त्याला उत्तर दिलं नाही. नंतरचे काही दिवस मात्र डोक्यात तेच होतं. एकाच गाडीची चार-पाच रूपं करायची, त्यांना जिन्यासारखं एकावर एक ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की आता तुझी पायरी तूच निवड, ही पद्धत आली कुठून? तिचा इतिहास थोडा आमच्या घरातूनही जातो, म्हणून हा लेख.

अब्बांचं मोटार कुशनचं दुकान होतं. हमरस्त्याला लागून, पुढे पत्र्याची शेड, आत शिवणयंत्र, रेक्झिनच्या गुंडाळ्या, काथ्याचे ढीग, आणि भिंतीला लटकलेली दाभणं. भंडाऱ्याचं नाव पितळेच्या भांड्यांसाठी घेतलं जातं, पण रस्त्यावरच्या गावाला रस्त्याचेही धंदे असतात. टायर, वेल्डिंग, पेंटर, बॉडी बांधणारे आणि कुशनवाले. या धंद्यात आमच्या मोहल्ल्यातली बरीच घरं होती.

इंग्रजीत गाडीच्या व्हेरियंटला 'ट्रिम' म्हणतात. भाचा हाच शब्द वापरत होता. हा शब्द मुळात अब्बांच्या धंद्यातला आहे. घोड्याच्या बग्गीच्या काळात लाकडाचा सांगाडा सुतार करायचा, लोखंड लोहार लावायचा आणि आतलं कापड, चामडं, गादी, झालर बसवणाऱ्याला ट्रिमर म्हणायचे. म्हणजे कुशनवाला. आज शोरूममध्ये ज्याला 'टॉप ट्रिम' म्हणतात, त्या नावात एक कारागीर बसलेला आहे. तो शोरूममध्ये कुठं दिसत नाही, एवढंच.

आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना गाडी म्हणजे काय हे जरा वेगळं कळतं. लाखनीच्या अलीकडे गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. त्याची मुख्य ओळख गिअरबॉक्सची. पण या रस्त्यावर लहानपणापासून आम्ही नुसत्या चासिस धावताना पाहिल्या. इंजिन, चाकं, दोन लांब लोखंडी पट्ट्या, पुढं जेमतेम एक आडोसा, आणि एका पाटावर बसलेला ड्रायव्हर, तोंडाला गमछा गुंडाळलेला, डोळ्यांना गॉगल. थंडीत तो माणूस पाहिला की आपल्यालाच हुडहुडी भरायची. ती चासिस कुठल्या तरी बॉडी बिल्डरच्या आवारात जाऊन उभी राहणार आणि मग तिचा ट्रक होणार. लाकूड कुठलं, केबिन केवढी, फाळक्यावर कमळ की मोर, सीट काथ्याची की फोमची, हे सगळं मालक आणि मिस्त्री उभ्याउभ्या ठरवणार.

जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्याही एके काळी अशाच विकल्या जायच्या. रोल्स रॉइस कंपनी गिऱ्हाइकाला इंजिनासकट चासिस द्यायची. बॉडी तुम्ही दुसरीकडून बांधून घ्यायची. लंडनचे बार्कर हे अशा बॉडी बांधणाऱ्यांपैकी. त्यांचं दुकान १७१० सालचं, म्हणजे मोटारीच्या आधी पावणेदोनशे वर्षं ते बग्ग्या बांधत होते. हैदराबादच्या निजामांची पिवळी रोल्स रॉइस त्यांनीच बांधली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली, पण १९११ मध्ये ते गेले, आणि गाडी आली ती उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. मागच्या बाजूला सिंहासनासारखं उंच आसन आहे. ती आजही चौमहल्ला पॅलेसमध्ये उभी आहे. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या शेतसाऱ्याचा एखादा टाका त्या आसनात असेल.

पण वेगवान आणि ऐषारामी अशा दोन्ही गोष्टी एकाच गाडीत हव्या असलेला आपला माणूस म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे. मराठी घराणं. १९०८चा जन्म, इंग्लंडमध्ये शिक्षण, आणि आवड अशी की इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून थेट आधुनिक पद्धतीनं बांधून घेतला. मॅन रे या छायाचित्रकारानं त्यांचे आणि महाराणी संयोगिता देवींचे फोटो काढले. या माणसानं १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतून ड्युझेनबर्ग मागवली.

ड्युझेनबर्गचं 'मॉडेल जे' १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांपुढं आलं. आठ सिलिंडर, जवळजवळ ७ लिटरचं इंजिन, आणि ताकद कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं २६५ अश्वशक्ती. नुसत्या चासिसची किंमत ८,५०० डॉलर होती. त्याच सुमारास फोर्डची नवी साधी मोटार पाचशे डॉलरच्या आसपास पूर्ण मिळायची, सीट, काचा, टप सगळ्यासकट. १९३२ पासून ड्युझेनबर्गनं सुपरचार्जर लावलेली 'एसजे' काढली, ३२० अश्वशक्तीची. म्हणजे कंपनीकडून निवड म्हणाल तर मुख्यतः इतकीच : साधं इंजिन की फुंकणीचं इंजिन, आणि चासिस लांब की आखूड. होळकरांनी एसजे घेतली, लांब चासिसवर. ती चासिस लंडनला गर्नी नटिंग यांच्याकडे गेली. तिथं एवढ्या लांबलचक सांगाड्यावर दोन माणसांची उघडी गाडी बांधली गेली, नारिंगी आणि काळ्या रंगाची. पुढं बोनेटच बोनेट, मागं बोटीसारखी निमुळती शेपटी. फोटो सहज सापडतात, जरूर पाहा. ही गाडी पाहून माझे अब्बा पहिल्यांदा काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे : एवढ्या जागेत दोनच सीट?

इथं मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या गाडीला व्हेरियंटचं नाव नव्हतं. होळकरांपेक्षा वरची पायरी नव्हती आणि खालचीही नव्हती. इंजिन अमेरिकेतल्या कारखान्याचं होतं, पण बाकी सगळं एका गिऱ्हाइकाच्या आणि एका दुकानाच्या बोलण्यातून ठरलेलं. गडेगावच्या रस्त्यावरच्या चासिसचं होतं तसंच. श्रीमंती सोडली तर रीत एकच.

(राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा विषय निघाला की अमुक राजानं रोल्स रॉइस कचरा उचलायला लावल्या ही गोष्ट हमखास निघते. ती अलवरची म्हणून ऐकली, भरतपूरची म्हणून ऐकली, पतियाळाचीही ऐकली. एकच गोष्ट तीन राजांवर बसते म्हटल्यावर माझा तिच्यावरचा विश्वास उडाला आहे.)

आता जिना कुणी बांधला ते पाहू. फोर्डचं मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालं, दीड कोटीच्या वर. १९१४ ते १९२५ या काळात ते फक्त काळ्या रंगात मिळायचं. सगळ्यांना एकच गाडी, म्हणून ती स्वस्त. त्याला तोड काढली जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी. १९२१ पासून त्यांनी आपल्या गाड्यांची किमतीप्रमाणं उतरंड लावली : सगळ्यात खाली शेव्हरोले, वर कॅडिलॅक, मध्ये बाकीच्या. प्रत्येक खिशाला एक गाडी, आणि दर दोन खिशांमध्ये थोडंसंच अंतर, म्हणजे माणूस वरच्या पायरीकडे पाहत राहील. १९२३-२४ मध्ये ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग आला, त्यामुळे रंगकामाला लागणारे आठवडे तासांवर आले आणि रंगीत गाड्या स्वस्तात करता येऊ लागल्या. १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या हाताखाली कंपनीनं 'आर्ट अँड कलर' असा वेगळा विभागच उघडला. पुढं हीच उतरंड एकाच गाडीच्या पोटात शिरली. १९३३ मध्ये शेव्हरोलेची 'स्टँडर्ड' होती आणि तिच्या वर 'मास्टर'. पन्नासच्या दशकात तीच कंपनी वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर विकत होती. सांगाडा एक, पण क्रोमच्या पट्ट्या, कापड आणि गालिचे वेगळे. जे काम ट्रिमर गिऱ्हाइकाला विचारून करायचा, ते कंपनीनं आधीच करून तीन ढिगांत लावून ठेवलं.

मग दुसरं महायुद्ध झालं आणि रोल्स रॉइसलाही बदलावं लागलं. १९४६च्या बेंटली मार्क सिक्सवर त्यांनी पहिल्यांदा कारखान्यातली तयार पोलादी बॉडी बसवली. पुढं गाड्यांना वेगळी चासिसच राहिली नाही, बॉडी हाच सांगाडा झाला. बॉडी बांधणारी जुनी दुकानं एकामागून एक बंद पडली किंवा विकली गेली.

भारतात मात्र उलटं झालं, आणि आमच्या घरी भात शिजला तो या उलट्या गोष्टीमुळे.

जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भाग इथं बनवा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीचं काम बंद केलं. उरल्या त्या प्रामुख्यानं अँबॅसेडर आणि फिएट. फिएट म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिचीच पुढं सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. निवड कसली? जी मिळेल ती गाडी आणि जो मिळेल तो रंग.

पण माणसाला आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीहून वेगळी हवीच असते. कंपनी ते देत नव्हती, म्हणून लोक मोहल्ल्यात येऊ लागले. त्या काळात हिंदुस्थानातल्या गाडीचं व्हेरियंट कारखान्यात ठरत नव्हतं, ते अब्बांसारख्यांच्या शेडमध्ये ठरत होतं.

अब्बांचे तीन भाव होते. साधं : काथ्या आणि वर रेक्झिन. मधलं : फोम, वर जाड रेक्झिन, कडेला पायपिंग. आणि तिसरं, ज्याला ते 'पूरा काम' म्हणत : स्प्रिंगा तपासून बदलायच्या, फोमचे दोन थर, दारांना आतून मॅचिंग, टपाला कापड, खाली गालिचा, मागच्या काचेला झालर. मी आठवी-नववीत असताना विचारलं होतं की बहुतेक लोक काय घेतात? ते म्हणाले, मधलं. सगळ्यात स्वस्त मागायला लाज वाटते आणि सगळ्यात महाग घ्यायला भीती. म्हणून मधल्यातच आपला नफा ठेवायचा. स्लोनसाहेबांचं नाव अब्बांनी कधी ऐकलं नव्हतं.

एकदा तुमसरकडचे एक धान गिरणीवाले शेठ नवी कोरी पद्मिनी घेऊन आले. पूरा काम हवं होतं. लाल रेक्झिन, पांढरं पायपिंग, जे जे दिसेल ते सगळं. अब्बांनी माप घ्यायच्या आधी विचारलं, "मागे कोण बसणार?"

शेठ म्हणाले, "का? आई बसते. दर सोमवारी देवाला जाते."

"वय?"

"असेल सत्तरच्या पुढं. गुडघे गेलेत."

अब्बांनी गाडीचं मागचं दार उघडलं, स्वतः बसले, उठले, परत बसले. मग म्हणाले, फोमचे दोन थर नको. बाई रुततील आणि उठता येणार नाही. मागची सीट कडक करू, दोन बोटं उंच करू, आणि दाराच्या वर धरायला एक मजबूत पट्टा लावू. बाकी लाल रंग, झालर, सगळं तुमच्या मनासारखं. शेठ थोडे खट्टू झाले, कारण कडक सीट म्हणजे साध्या भावातलं काम, आणि त्यांना पूरा काम म्हणून सांगायचं होतं. अब्बांनी पैसेही कमी घेतले. त्या रात्री अम्मीनं त्यांना त्यावरून बरंच ऐकवलं.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. सुरुवातीला तिच्यामुळेही दुकान चाललं, कारण तिच्या सीटा पातळ आणि कव्हरं साधी. मग स्टँडर्ड आणि डिलक्स आलं. नव्वदच्या दशकात एस्टीम एलएक्स आणि व्हीएक्स अशी अक्षरं लावून आली. २००५ मध्ये स्विफ्ट एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय अशी तीन पायऱ्यांची आली आणि ती अक्षरं आपल्याकडे इतकी रुळली की लोक गाडीचं नाव न घेता नुसतं "झेड एक्स आय आहे" म्हणू लागले. कापड, पॉवर विंडो, म्युझिक, चाकांचे कप, सगळं कारखान्यातूनच ठरून येऊ लागलं. अब्बांचं दुकान त्याच्या आधीच मंदावलं होतं. २००३ मध्ये ते गेले, तेव्हा शेडमध्ये ट्रकच्या सीटा आणि एसटीच्या एका भंगार बाकाशिवाय काही नव्हतं.

आता भाच्याच्या वाक्याकडे येतो.

२००९ साली माझ्या बहिणीच्या घरी पहिली गाडी यायची होती. दूल्हाभाई शिक्षक. शोरूममध्ये मला घेऊन गेले, का तर मी कुशनवाल्याचा मुलगा. तीन व्हेरियंट. खालच्यात काहीच नाही. मधल्यात पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, बरं कापड. वरच्यात एअरबॅग आणि एबीएस, शिवाय मिश्र धातूची चाकं आणि बरंच काही जे आम्हाला नको होतं. नुसत्या एअरबॅगा वेगळ्या मिळत नव्हत्या. अख्खी पायरी चढावी लागत होती. फरक साठ-सत्तर हजारांचा. मी म्हणालो, "मधलं घ्या. उरलेल्या पैशात सीट अशी करून घेऊ की वरच्यालाही लाजवेल." आणि खरंच घेतली करून, अब्बांच्या जुन्या कारागिराकडून.

दोन वर्षांनी साकोलीकडून येताना पहाटेच्या धुक्यात त्यांची गाडी उभ्या ट्रॉलीवर गेली. बेल्ट लावलेला होता. जीव वाचला. पण छाती आणि जबडा स्टिअरिंगवर आपटला, सहा महिने अंथरुणात गेले, आणि आजही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचा हात. एअरबॅग असती तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बहिणीनं किंवा दूल्हाभाईंनी मला आजवर एका शब्दानं बोललेलं नाही. भाचा तेव्हा सतरा वर्षांचा होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं मला विचारलं होतं, "वरच्या मॉडेलमध्ये होत्या ना, मामू?"

मी अब्बांचा हिशोब लक्षात ठेवला होता, त्यांचा प्रश्न विसरलो होतो. आणि त्या जिन्याची मोठी खोट मला तेव्हा कळली : आराम आणि जीव या दोन गोष्टी एकाच पायरीवर बांधून विकल्या जात होत्या. कारला एबीएस असलंच पाहिजे हे आपल्याकडे सगळ्या गाड्यांना लागू झालं एप्रिल २०१९ मध्ये, आणि ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षीच्या १ जुलैपासून. तोवर भारतात कितीतरी स्वस्त गाड्यांत खालचं व्हेरियंट घेणारा आणि वरचं घेणारा यांच्यात फरक फक्त गालिच्याचा नव्हता. ट्रकचंही तसंच. ड्रायव्हरला एसी ही चैन समजली जायची. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हा मला तो गमछावाला चासिस ड्रायव्हर आठवला.

पोर्शेच्या पायऱ्यांत तशी भीती नाही. एवढ्या महाग गाडीत जीव वाचवणाऱ्या गोष्टी तळाच्या मॉडेलमध्येही असतात. तिथला जिना वेगळ्याच चालीचा आहे. ९११ साठच्या दशकाच्या मध्यावर आली, सहा सिलिंडर, १३० अश्वशक्ती. ती महाग पडते म्हणून १९६५ मध्ये तशीच दिसणारी चार सिलिंडरची ९१२ काढली, आणि सुरुवातीला तीच जास्त खपली. मग वर १६० अश्वशक्तीची 'एस' आणि खाली ११० अश्वशक्तीची 'टी'. इथवर सगळं स्लोनच्या पद्धतीनं.

१९७२ मध्ये मात्र गंमत झाली. शर्यतीच्या नियमांसाठी निदान ५०० गाड्या विकणं भाग होतं, म्हणून कंपनीनं हलकी, २१० अश्वशक्तीची करेरा आरएस काढली. किंमत ३४,००० मार्क. २,५०० मार्क जादा दिले तर 'टूरिंग', म्हणजे नेहमीच्या गाडीसारख्या आरामाच्या वस्तू. आणि ७०० मार्क जादा दिले तर 'स्पोर्ट', म्हणजे वस्तू काढून टाकलेली गाडी. मागच्या सीटा नाहीत, गालिचे नाहीत, घड्याळ नाही, आणि दार ओढायला हँडलऐवजी एक पट्टा. टूरिंगचं वजन १,०७५ किलो, स्पोर्टचं ९६०. शेवटी ५०० नव्हे तर १,५८० गाड्या विकल्या गेल्या. त्यांत टूरिंग घेणारे १,३०८ आणि स्पोर्ट घेणारे २००. आज त्या दोनशेतली एखादी बाजारात आली की टूरिंगहून कितीतरी महाग जाते.

तो पट्टा माझ्या डोक्यातून जात नाही. ट्रकच्या दाराचं हँडल तुटलं की अब्बा उरलेल्या रेक्झिनचा असाच पट्टा शिवून दोन स्क्रूंनी ठोकून द्यायचे. चहाचे पैसे घ्यायचे, कधी तेही नाही. कंपनीनं २०१७ मध्ये करेरा टी पुन्हा काढली तेव्हा दाराला आतून परत तसाच कापडी पट्टा लावला, पातळ काचा बसवल्या, आवाज अडवणारं अस्तर कमी केलं, आणि किंमत साध्या करेरापेक्षा जास्त ठेवली. कमी देऊन जास्त घ्यायचं हे अब्बांना कधी जमलं नाही.

हे सगळं मी भाच्याला तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. त्यानं ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी फोन आला. माझ्यासमोर कंपनीचे आकडे होते. २०२४ मधल्या नव्या करेराची ताकद ३९४ अश्वशक्ती, शंभरचा वेग ४.१ सेकंदांत. जीटीएसची ५४१ अश्वशक्ती, सोबत विजेची मोटर, शंभरचा वेग ३ सेकंदांत. त्या वर्षी भारतात जाहीर झालेल्या किमती शोरूमबाहेर पडायच्या आधीच्या : करेरा १ कोटी ९९ लाख, जीटीएस २ कोटी ७५ लाख. दुबईत भाव वेगळे, पण अंतर साधारण असंच समजा. सेकंदाला पाऊण कोटीच्या आसपास भाव पडतो, असं मी त्याला म्हणालो. तो हसला.

"मग मधलं घेऊ? एस?"

"तसं मी आता कुणालाच सांगत नाही," मी म्हणालो. "मागे कोण बसणार?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, नवीन करेरात मागची सीट येतच नाही. दोनच सीट असतात. मागच्या हव्या असतील तर यादीत खूण करावी लागते. त्याचे पैसे नाहीत."

"पैसे नाहीत?"

"नाही. फुकट आहे. फक्त मागावी लागते."

त्याच्या मुली दोन, सहा आणि चार वर्षांच्या. मोठी बाजूला बसेल, धाकटी कुठं, असं मी विचारलं. आणि बहीण जानेवारीत दुबईला जाणार आहे, तिला एवढ्या खाली बसून उठता येईल का, तेही शोरूममध्ये बघ म्हणालो. निदान तुझ्या बायकोच्या खालाला बसवून बघ, त्यांचे गुडघे आपाच्या गुडघ्यांसारखेच आहेत.

परवा त्याचा स्क्रीनशॉट आला. करेरा, साधी. एस नाही, टी नाही, जीटीएस नाही. रंग त्यानं गडद निळा घेतलाय, जो मला फारसा आवडला नाही. पुढच्या सीटा जास्त दिशांनी हलणाऱ्या, त्याचे मात्र बरेच पैसे भरलेत. आणि खाली, यादीच्या शेवटच्या भागात, मागच्या सीटांपुढं खूण होती, किमतीच्या रकान्यात शून्य.

खाली त्यानं लिहिलं होतं, "अम्मीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."